सर्वांत मोठी संख्या: फोर्ट्रानच्या पहिल्या धड्याची गोष्ट



बाहेरच्या फलकावर आजच्या विषयाचं नाव ‘संगणकभाषांचा इतिहास’ असं लिहिलंय. संयोजकांची हौस म्हणून ते राहू द्या. मी आज फक्त एक प्रोग्रॅम वाचणार आहे. पंधराएक ओळींचा आहे. ऑक्टोबर १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने ‘७०४’ या यंत्रासाठी फोर्ट्रान नावाच्या भाषेची एक पुस्तिका काढली. तिच्या सुरुवातीलाच, भाषा दिसते कशी हे कळावं म्हणून हा नमुना दिलेला होता. काम अगदी साधं आहे. काही संख्या दिल्यात, त्यातली सर्वांत मोठी शोधायची आणि छापायची.

तुम्ही म्हणाल, यात काय आहे? माझी नातही तेच म्हणाली. ती पायथनमध्ये ‘मॅक्स’ असा एक शब्द लिहिते आणि उत्तर येतं. मी तिला विचारलं, अगं, पण यंत्राने मोठी संख्या ओळखली कशी? ती म्हणाली, “आजोबा, ते त्याचं त्याला माहीत असतं.” आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे असेल, ‘त्याचं त्याला माहीत असतं’ हे वाक्य मला पचत नाही. म्हणून आजचा खटाटोप.

आधी थोडी पार्श्वभूमी. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला यंत्राला काम सांगायचं म्हणजे त्याच्याच भाषेत सांगायचं. स्मृतीतल्या अमुक खणातला आकडा उचल, तमुक खणातल्या आकड्यात मिळव, उत्तर तिसऱ्या खणात ठेव, अशा शेकडो, हजारो आज्ञा हाताने लिहायच्या. हे ज्यांना जमायचं त्यांचा एक छोटा पंथच तयार झाला होता. जॉन बॅकस, म्हणजे फोर्ट्रानचा कर्ता, पुढे या लोकांना पुरोहितवर्गाची उपमा देत असे. आपल्याला ती लगेच कळते. विद्या आहे, पण ती मोजक्यांच्या मुखात आहे, आणि ती सोपी करून सर्वांना द्यावी म्हटलं की पहिला आक्षेप त्यांचाच येतो. त्यांचा आक्षेप नुसता स्वार्थाचा होता असं मात्र मी म्हणणार नाही. यंत्राचा वेळ फार महाग होता. माणसाने हाताने घासूनपुसून लिहिलेल्या आज्ञांइतक्या चपळ आज्ञा एखादं भाषांतर करणारं यंत्र लिहू शकेल, यावर विश्वास ठेवायला तोपर्यंत काही आधार नव्हता. एमआयटीमध्ये लॅनिंग आणि झिअरलर या दोघांनी गणिती सूत्रं थेट स्वीकारणारी एक पद्धत केली होती, बॅकसच्या मंडळींनी ती १९५४ मध्ये पाहिलीही. पण त्यात काम दहापटीच्या आसपास मंदावत असे. एवढी किंमत कोण देणार?

बॅकसचं म्हणणं हिशेबी होतं. १९५३ च्या अखेरीस त्याने आपल्या वरिष्ठाला, कथबर्ट हर्ड यांना, एक छोटं पत्र लिहिलं. यंत्र महाग आहे हे खरं, पण ते चालवण्याचा जो एकूण खर्च येतो त्यातला फार मोठा भाग प्रोग्रॅम लिहिण्यात आणि त्यातल्या चुका शोधण्यात जातो. तो कमी करा. हर्ड यांनी होकार दिला. काम सुरू झालं. किती दिवस लागतील, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, “सहा महिने.” पुढल्या वर्षी विचारलं तरी सहा महिने. असं करत करत १९५७ चा एप्रिल उजाडला. आपल्याकडे घर बांधणाऱ्या कंत्राटदाराशी ज्यांचा संबंध आलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल.

ही मंडळी कोण होती? बॅकस स्वतः व्हर्जिनिया विद्यापीठात नापास झालेला. मग सैन्यात गेला, पुढे कोलंबिया विद्यापीठात गणित शिकला. १९५० मध्ये न्यूयॉर्कला मॅडिसन अॅव्हेन्यूवर आयबीएमचं मोठं गणनयंत्र मांडून ठेवलेलं पाहायला म्हणून आत शिरला आणि नोकरी घेऊन बाहेर आला. डेव्हिड सेअर हा स्फटिकशास्त्रज्ञ. लोइस हेट नुकतीच पदवी घेऊन आलेली. रॉय नट हा विमानं बनवणाऱ्या कंपनीतून, तर शेल्डन बेस्ट एमआयटीतून काही काळासाठी आलेला. हर्लन हेरिक, इर्व्हिंग झिलर, पीटर शेरिडन, रॉबर्ट नेल्सन, रिचर्ड गोल्डबर्ग आणखी. शेवटी शेवटी यंत्र त्यांना रात्रीच मिळे, म्हणून जवळच्या लँगडन हॉटेलात खोल्या घेऊन हे लोक दिवसा झोपत आणि रात्रभर चुका काढत. एकूण १८ मनुष्य-वर्षांचं काम झालं.

आता प्रोग्रॅमकडे वळू. पहिल्या दोन ओळी माणसासाठी आहेत. कार्डाच्या पहिल्या रकान्यात ‘सी’ हे अक्षर असलं की यंत्राने ती ओळ सोडून द्यायची. तिथे लिहिलंय की हा प्रोग्रॅम संख्यासमूहातली सर्वांत मोठी किंमत शोधतो. यंत्राला दिलेल्या लेखनाचा पहिला शब्द यंत्राने वाचायचाच नाही, हे मला फार आवडतं.

मग ‘डायमेन्शन ए ९९९’. ए नावाच्या ९९९ जागा राखून ठेव. मग संख्या वाचून घे, किती आहेत तो आकडा एन मध्ये ठेव. आणि मग मुख्य भाग येतो. ‘बिगए’ नावाच्या जागेत पहिली संख्या ठेव. दुसऱ्या संख्येपासून एनव्या संख्येपर्यंत एकेक घे. बिगए मधून ती वजा कर. उत्तर उणे आलं तर दहा क्रमांकाच्या ओळीवर जा, तिथे बिगए मध्ये ही नवी संख्या ठेव. शून्य किंवा अधिक आलं तर वीस क्रमांकावर जा, म्हणजे काही करू नको, पुढची संख्या घे. संपल्यावर बिगए छाप.

बघा, ‘मोठी’ हा शब्द यंत्रासाठी कुठेच नाही. वजाबाकी आहे आणि वजाबाकीचं चिन्ह आहे. माझ्या नातीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे: यंत्राला मोठेपण कळत नाही, त्याला उणे कळतं. आणि सगळ्या संख्यांकडे एकदम पाहण्याची सोयही त्याला नाही. आपण बाजारात आंब्यांच्या ढिगाकडे पाहतो आणि म्हणतो, तो मोठा द्या. यंत्र अंधारात उभं आहे, एका हातात आतापर्यंतचा मोठा आंबा, दुसऱ्या हातात आत्ता उचललेला. तिसरा हात नाही. ‘सर्वांत मोठा’ ही कल्पना आपल्याला लहानपणापासून येते, पण अंधारात दोन हातांनी ती कशी राबवायची हे सांगायची वेळ येईपर्यंत ती किती येते हे आपल्याला कळत नाही.

आता मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझा खरा जीव बरोबरच्या चिन्हात अडकलाय. आपल्या मराठीत ‘बरोबर’ हा शब्द मोठा लबाड आहे. शाळेत गुरुजी म्हणायचे, दोन अधिक दोन बरोबर चार. पोराने पाटीवर चार लिहिले की पुन्हा म्हणायचे, बरोबर. आणि पोर घरी कोणाबरोबर गेलं? आईबरोबर. समानता, सत्य आणि सोबत, तिन्ही एकाच शब्दात. फोर्ट्रानमध्ये मात्र या तिन्हींपैकी एकही नाही. ‘बिगए बरोबर ए’ याचा अर्थ बिगए आणि ए समान आहेत असा नाही. समान असते तर ही ओळ लिहायची गरजच नव्हती, आपण त्या ओळीवर आलो तेच दोन्ही असमान आहेत म्हणून! अर्थ असा की उजवीकडची किंमत काढ आणि डावीकडच्या भांड्यात ओत. आधी जे होतं ते गेलं.

म्हणून फोर्ट्रानमध्ये ‘एन बरोबर एन अधिक एक’ असं लिहिता येतं. गणिताच्या तासाला हे लिहिलं तर मार बसेल, कारण अशी कोणतीही संख्या नाही. लायब्निट्झपासून आम्ही शिकवत आलो की प्रत्येक वस्तू स्वतःशी अभिन्न असते. आणि इथे एन स्वतःहून एकने मोठा! मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला खरोखर अस्वस्थ वाटलं होतं. मग उलगडा झाला की इथे काळ आलाय. डावीकडचा एन नंतरचा, उजवीकडचा आधीचा. तांब्या तोच, पाणी वेगळं. गणिताच्या समीकरणात काळ नसतो, आज्ञेत असतो. चिन्ह मात्र कळफलकावर होतं तेच घेतलं. युरोपातल्या लोकांना हे खटकलं होतं. कोनराड त्सूझने जर्मनीत १९४५ च्या सुमारास आखलेल्या भाषेत यासाठी बाण होता, आणि अल्गोल भाषेच्या कर्त्यांनी बरोबरच्या आधी विसर्गासारखी दोन टिंबं जोडली. पण चालली फोर्ट्रानची पद्धत. आजही माझी नात तेच चिन्ह त्याच अर्थाने वापरते.

एक गंमत सांगतो. या नमुन्यात मोठ्या संख्येचं नाव ‘बिगए’ का? ‘मॅक्स’ का नाही, ‘लार्ज’ का नाही? फोर्ट्रानचा नियम होता, ज्या नावाची सुरुवात आय, जे, के, एल, एम, एन यांपैकी एका अक्षराने होते त्यात फक्त पूर्णांक राहणार. गणितज्ञ ही अक्षरं क्रमांकांसाठी वापरत आलेच होते. बाकी अक्षरांची नावं दशांश अपूर्णांक ठेवू शकणाऱ्या संख्यांची, ज्यांना पुढे ‘रिअल’ म्हणू लागले. मॅक्स म्हटलं असतं तर एम मुळे दशांश चिन्हानंतरचं सगळं गळून पडलं असतं. यावर नंतर एक विनोद रूढ झाला: गॉड हा रिअल आहे, जोपर्यंत कोणी त्याला पूर्णांक म्हणून जाहीर करत नाही तोपर्यंत. (हशा) आमच्या विषयातले लोक ईश्वराच्या अस्तित्वावर शतकानुशतकं भांडले, यांनी आद्याक्षरावर निकाल लावला.

हसू नका फार, कारण याच नियमाने माझी फजिती झालेली आहे. सत्तरच्या दशकात मी पीएच.डी. करत होतो. माझा विषय तर्कशास्त्राचा, म्हणून कोणीतरी सुचवलं की फोर्ट्रानचा वर्ग कर. मानसशास्त्र विभागातल्या एका मित्राने ५० विद्यार्थ्यांचे गुण दिले, म्हणाला, सरासरी काढ आणि प्रत्येकाचा सरासरीपासून फरक काढ. मी मोठ्या ऐटीत लिहिलं. खात्री करण्यासाठी सगळ्या फरकांची बेरीजही छापायला सांगितली, कारण ती शून्य यायलाच हवी, हे तर सिद्ध करता येतं. कार्डं पंच करून दिली. दोन दिवसांनी कागद आला. बेरीज २८.

शून्याच्या जागी २८. मी आठवडाभर माझा तर्क तपासला. एकही पायरी चुकीची नव्हती. कार्डं पुन्हा दिली, पुन्हा २८. शेवटी पंचिंग करणाऱ्या बाईंनी माझा चेहरा पाहून कार्डांचा गठ्ठा मागितला, वरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “अहो, नाव बदला की. आधी ए लावा.” मी सरासरीला ‘मीन’ असं इंग्रजी नाव दिलं होतं. एम! गुणांची बेरीज २३७८, भागिले ५० म्हणजे ४७.५६. पण मीन या भांड्यात पूर्णांकच मावतो, म्हणून ४७ राहिले आणि ०.५६ सांडले. ५० विद्यार्थ्यांचे मिळून २८. ‘एमीन’ असं नाव करताच बेरीज शून्य झाली. तत्त्वज्ञानात आम्ही नाव आणि वस्तू यांचा संबंध केवळ संकेताचा असतो असं शिकवतो. इथे नाव बदललं आणि वस्तू बदलली. त्या बाईंना तर्कशास्त्र येत नव्हतं, आणि मला त्या दिवशी त्यांच्याइतकं तर्कशास्त्र येत नव्हतं.

पुन्हा नमुन्याकडे. त्यात एक विचित्र ओळ आहे, ‘फ्रिक्वेन्सी’. ती यंत्राला सांगते की ही फेरी साधारण १०० वेळा होईल, आणि त्या वजाबाकीच्या ओळीवर उणे, शून्य, अधिक यांचं प्रमाण साधारण २, १, १० असं पडेल. म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आपला अंदाज कळवायचा. लोइस हेटने लिहिलेला भाग हे अंदाज घेऊन, जणू फासे टाकत, कोणती वाट किती वेळा चालली जाईल याचा हिशेब करी, आणि त्यावरून ७०४ च्या मोजक्या क्रमांक-नोंदवह्या कोणाला द्यायच्या हे ठरे. संशयी पुरोहितांना उत्तर द्यायचं तर भाषांतर असं काटेकोरच हवं होतं.

पण तो अंदाज कितपत खरा? १०० वेगवेगळ्या संख्या कोणत्याही क्रमाने आल्या, तर ‘आतापर्यंतची मोठी’ किती वेळा बदलते? दुसरी संख्या पहिलीपेक्षा मोठी असण्याची शक्यता एक-द्वितीयांश, तिसरी पहिल्या दोघींहून मोठी असण्याची एक-तृतीयांश, असं शंभरपर्यंत. बेरीज करा, सुमारे ४.१९ येते. म्हणजे ९९ तुलनांत चारेक वेळा. पुस्तिकेतल्या प्रमाणाने पंधराएक वेळा येते. नमुना म्हणून दिलेले आकडे आहेत, त्यावरून कोणाला दोष द्यायचा नाही. पण इतक्या साध्या प्रोग्रॅमबद्दलही स्वतःचा अंदाज चुकतो, हे लक्षात घ्या. पुढे फोर्ट्रानमधून ही ओळ काढूनच टाकली गेली.

छपाईच्या ओळीबद्दल थोडक्यात. ‘या अमुक संख्यांतली सर्वांत मोठी’ असं इंग्रजी वाक्य छापायचं तर त्यातली अक्षरं, मोकळ्या जागांसह, हाताने मोजून आधी आकडा लिहावा लागे. इथे २२ आणि १२. त्या २२ मधला पहिला ‘एक’ छापला जात नाही, तो छपाईयंत्राला नवं पान घ्यायला सांगतो. शेवटची ओळ ‘स्टॉप ७७७७७’. अष्टमान पद्धतीत पाच साती म्हणजे पंधराच्या पंधरा द्विमान अंक एक. यंत्र थांबलं की ते दिव्यांवर दिसायचं. दीपमाळ पेटली म्हणजे झालं.

फोर्ट्रानचा कंपनीबाहेरचा पहिला प्रयोग पिट्सबर्गजवळच्या बेटिस इथे झाला, वेस्टिंगहाउसची अणुभट्टीवर काम करणारी प्रयोगशाळा. एप्रिल १९५७, शुक्रवार दुपार. टपालाने सुमारे २००० कार्डांचं एक खोकं आलं. वर ना चिठ्ठी, ना सूचना. हर्बर्ट ब्राइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तर्क केला की हाच तो फोर्ट्रान असावा. एका सहकाऱ्याने छोटा चाचणी-प्रोग्रॅम लिहिला होता, तो सोबत घातला. यंत्र चाललं, आणि छापून काय आलं? तुमच्या मूळ लेखनात चूक आहे. या प्रकारच्या ‘गो टू’ वाक्यात उजव्या कंसानंतर स्वल्पविराम हवा, तो नाही. त्यांनी पाहिलं, खरंच नव्हता. तो घातला, पुन्हा चालवलं, आणि २८ पानं उत्तरं आली, थोडे अपवाद सोडता बरोबर. गिऱ्हाइकाशी या भाषेचं पहिलं बोलणं म्हणजे विरामचिन्हाची चूक दाखवणं. मराठीच्या आमच्या बाईंची आठवण झाली मला.

आपल्याकडे हे कधी आलं? मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेलं यंत्र सुरू झालं, नेहरूंनी नंतर त्याला ‘टिफ्रॅक’ नाव दिलं. १९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० आलं आणि तिथून फोर्ट्रान शिकवणं जोरात सुरू झालं. व्ही. राजारामन यांच्या पुस्तकांवर आमची अख्खी पिढी शिकली. १९६४ मध्ये टाटा संस्थेत सीडीसी ३६०० आलं आणि देशभरातल्या संशोधकांची कामं तिथे जाऊ लागली. कुलाब्याच्या त्या इमारतीत कोणाकोणाच्या सरासऱ्या सांडल्या असतील देव जाणे, तो रिअल असेल तर.

आता बॅकसबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १९७७ मध्ये त्याला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. मुख्यतः फोर्ट्रानसाठी. सत्काराच्या भाषणात माणूस सहसा आपल्या कामाचा गौरव ऐकतो आणि आभार मानतो. बॅकसने उभं राहून आपल्याच परंपरेवर टीका केली. त्याचा रोख कशावर होता? याच चिन्हावर. उजवीकडचं काढ, डावीकडे ओत, एका वेळी एक घोट. या अरुंद तोटीतून सगळा विचार जात असल्यामुळे आपल्याला मोठा विचारच सुचत नाही, आपण भांडी भरण्याच्या हिशेबात अडकतो, असं त्याचं म्हणणं. काळ नसलेली, गणितासारखी, फलनांवर उभी असलेली भाषा त्याला हवी होती. वीस वर्षांपूर्वी ज्या बरोबरने त्याने लाखोंना यंत्राशी बोलायला शिकवलं, ते त्यालाच पुरेनासं झालं होतं. त्याचं पूर्ण पटलं का मला? नाही. एकेक घोटाने विचार करणं ही माणसाचीही रीत आहे. पण स्वतःच्या यशाकडे असं पाहणारा माणूस तत्त्वज्ञ म्हणायला मला हरकत नाही.

(श्रोत्यांतून: “सर, संख्या एकच असली तर?”)

वा! मी वाट पाहत होतो. संख्या एकच. बिगए मध्ये पहिली ठेवली. आता दुसरीपासून एनव्यापर्यंत, म्हणजे दुसरीपासून पहिलीपर्यंत. शहाण्या माणसाने फेरी सुरूच करू नये. पण त्या काळच्या फोर्ट्रानमध्ये ‘संपलं का’ हे फेरीच्या शेवटी तपासलं जाई, त्यामुळे एक फेरी व्हायचीच. यंत्र दुसऱ्या जागेत जे काही आधीचं पडलेलं असेल ते उचलणार, वजाबाकी करणार, आणि ते मोठं निघालं तर तेच छापणार, ‘या १ संख्यांतली सर्वांत मोठी’ म्हणून. पुस्तिकेतला पहिलाच नमुना, आणि कोणी एकच संख्या देणार नाही असं त्यात गृहीत धरलेलं. मला स्वतःला हे दिसलं ते निवृत्तीनंतर, नातीला कागदावर फेऱ्या करून दाखवताना. तिनेच विचारलं होतं. तुमचं वय काय, बाळ? अकरावी? पुढे या, मागे काही ऐकू येत नाही. आणखी कोणाचे प्रश्न?